राणी रंग

दर पंधरा मिनिटांनी एक चित्र.
धूळ त्यात राणी रंगाची दिसते;
खरी असते पिवळट, पिठासारखी.
चाडमधल्या एका आटलेल्या सरोवराचा तळ
पाच दिवस चालत आलाय,
आता समुद्रावर.

प्रायाच्या वेधशाळेत डुल्सेलिना
बेटावर बोट ठेवते: नखाखाली मावतं.
विमानतळाला कळवलं. बंदराला कळवलं.
मग घरी फोन.

"दोरीवरच्या चादरी काढ, आई.
दुपारपर्यंत पोचेल."
"सकाळीच आली," आई म्हणते,
"बकरी शिंकली तेव्हाच."

पुढचं चित्र उतरतं.
नखाखाली आता बेट नाही, नुसता रंग.
फोन चालूच.
पलीकडे चादर झटकल्याचा आवाज,
एकदा, दोनदा,
आणि त्या सरोवरातले
कधीचे मेलेले मासे
आईच्या खोकल्यात.