अंगठा

आमच्या जालन्यात लोखंड वितळवतात.
पत्रे, कुलरच्या जाळ्या, कुणाची तरी सायकल,
वजनकाट्यावरून थेट भट्टीत;
सोळाशे अंशांला सगळ्याचं एकच पाणी होतं.
आबा त्या पाण्याकडे एकवीस वर्षं बघतायत
निळ्या काचेतून.

मी तिथून चार किलोमीटरवर, कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर,
चांदी न वितळवता जोडते.

शाईच्या थेंबात चांदीचे कण,
प्रत्येकानं अंगावर पातळ पांघरूण घेतलेलं,
नाहीतर बाटलीतच बिलगतील आणि तळाला बसतील.
रंग भिजल्या तंबाखूचा.
चांदी आहे म्हटलं तर सराफ हसेल.
प्लास्टिकच्या फिल्मवर तिची रेघ छापायची, मग ओव्हन:
पांघरूण उडावं, कणाला कण लागावा,
दोघांच्या मध्ये बारीकशी मान धरावी
आणि त्या मानेतून वीज जावी.
एकशेवीसला मान धरत नाही.
एकशेचाळीसला फिल्म पापडासारखी वळते.
मधल्या वीस अंशांत माझे अकरा महिने गेले.

त्या दिवशी नमुना ठेवायच्या आधीच लाईट गेली.
शिफ्ट सुटून आबा न्यायला आले, गळ्यात टॉवेल.
"काय करायलीस अंधारात?"
आणि ओलसर रेघेवर अंगठा टेकवून,
"हीच का तुजी चांदी? काळीच हाय की."
मी ओरडले.
त्यांनी अंगठा पँटीला पुसला, दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

हा अंगठा रेशनच्या मशीनला ओळखू येत नाही.
त्याच्या रेषा भट्टीनं कधीच खाल्ल्या.
कार्डावर साळुबा आहे, मशीनमध्ये नाही.
पुन्हा लावा, म्हणतं. पुन्हा लावा.

सकाळी फेकायला म्हणून फिल्म उचलली.
रेघेच्या मधोमध लांबट डाग,
उजळ, घासलेल्या वाटीसारखा.
सवयीनं मीटरची टोकं टेकवली.
अलीकडे काही नाही. पलीकडे काही नाही.
डागावर नऊ ओहम.

घामातलं मीठ.
मीठ कणांची पांघरुणं सोडवतं, साध्या उकाड्यात.
हे वाचलं होतं मी,
वहीत खाली दोन रेघा मारून
विसरले होते.

नमुना सत्तेचाळीस. तापमान: खोलीचं.
पद्धत:
इथं पेन बराच वेळ थांबला.
नंतर मिठाचं पाणी मोजून केलं, रीतसर,
फिल्म पेन्सिलीला शंभरदा गुंडाळली, सोडली.
नऊचे अकरा झाले. तुटलं नाही.

रात्री आबांना सांगितलं. ते जेवत होते.
"मंजे भट्टी लागतच नाही?"
"नाही."
भाकरी तशीच हातात ठेवून
त्यांनी दुसऱ्या हाताचा अंगठा उलटसुलट पाहिला.
"मंग आमी काय करावं म्हणतीस?"
आणि हसले, थोडं उशिरानं.