गोळीबंद

रेडिओवरची बाई म्हणाली, येल बेटाची फेरी आज बंद.
बरं झालं.
फेरीवर तिकिटं फाडते ती मीच,
म्हणजे मलाही सुट्टी.

नऊला उजेड आला, तीनला जाईल,
कोट न काढता बसलेल्या पाहुण्यासारखा.
तोवर एक किलो साखर,
पाव किलो लोणी, कपभर दूध
आणि आटवलेल्या दुधाचा एक डबा.
डबा उघडल्यावर बोट चाटायचंच,
चौपन्नावं लागलं म्हणून काय झालं.

आम्ही शेटलंडवाले ह्याला टॅब्लेट म्हणतो.
औषधाची गोळी नव्हे,
पण शेजारची बाबी शपथेवर सांगते,
तिच्या गुडघ्यांना हीच लागू पडते.

शेगडीत पीटच्या विटा, वर जाड बुडाचं पातेलं.
एका हातात डाव,
दुसऱ्यात पुस्तक.
कव्हर केव्हाच गेलं त्याचं,
पाठीवर मासे बांधायची चिकटपट्टी.
फिरत्या वाचनालयाच्या गाडीने रद्दीत काढलं होतं,
दहा पेन्सला घेतलं.
एका खेड्यात खून होतो.
डॉक्टर, पाद्री, बहिरी पोस्टमास्तरीण,
सगळ्यांवर संशय,
आणि इन्स्पेक्टर प्रत्येक प्रकरणात चहा पितो,
एकदाही गार होऊ न देता.

एक थेंब थंड पाण्यात टाकला.
विरघळला.
अजून नाही.

सतराव्या पानावर, समासात, पेन्सिलीने:
खून ऑर्गनवाल्याने केला.
लॉरी. वय वर्षं अकरा.
ट्रेच्या कोपऱ्याचा तुकडा मी त्याला दिला नव्हता,
त्याचा सूड.
मी रडले, ओरडले, रबराने खोडलं.
पण दाबून लिहायची खोड त्याची,
अक्षरं अजून बोटाला लागतात.

तेव्हापासून दर हिवाळ्यात वाचते.
खुनी ठाऊक असला की खेडं नीट दिसतं.
पोस्टमास्तरणीच्या खिडकीत जिरेनियम आहे,
हे मला सहाव्यांदा वाचताना कळलं.
पाद्री कर्जात आहे, हे नवव्यांदा.

दुसरा थेंब.
धागा धरला, तुटला.

लॉरी आता एक्कावन्न वर्षांचा.
मॅकरेलच्या बोटीवर आहे,
फेअर बेटाच्या पश्चिमेला कुठेतरी.
काल रात्री निरोप आला, "जरा हलतंय."
त्याच्या भाषेतलं "जरा" मला माहीत आहे.
मी उलट विचारलं नाही.
"कोपरे ठेवते," एवढंच लिहिलं.
त्यावर काही आलं नाही.
आज शेवट ठाऊक नसलेलं पुस्तक
मी हातात धरणार नाही.

तिसरा थेंब.
बोटांत धरला, वळला.
गोळी.

आता खाली उतरवून घोटायचं.
ह्याला दोन्ही हात लागतात,
इन्स्पेक्टरला चहाच्या कपाशी सोडून द्यावं लागतं.
दंड भरून येतात,
मिश्रणाची चकाकी जाते,
पातेल्याच्या कडेला वाळूवर पाय घासल्यासारखा आवाज येतो.
इथे थांबायचं असतं, आई म्हणायची,
नाहीतर रवा मोठा पडतो.
पण हात थांबला
की वारा ऐकू येतो.
म्हणून मी जरा जास्तच घोटलं.

ओतलं. सुरीने रेघा मारल्या.
मधले तुकडे बाबीला,
तिचे दात तिच्या गुडघ्यांपेक्षा बरे आहेत.
चार कोपरे बिस्किटांच्या जुन्या डब्यात.
त्याचं झाकण बसत नाही,
फेरीवरची निळी दोरी बांधली,
वर एक गाठ जास्तीची.

तीन वाजले. पाहुणा उठलाच.
दिवा लावला, पाय शेगडीशी,
चिकट अंगठा सतराव्या पानावर.
ऑर्गनवाला अजून कुणाच्याच लेखी दोषी नाही,
चर्चमध्ये एकटा बसून
बोटांवर फुंकर घालतोय, ऊब यावी म्हणून.

पाच वाजता पुन्हा बातम्या.
तोवर
पान अठरा.