ताडासन

पंचायतीच्या हॉलात, जिथं रेशनच्या पोत्यांचा वास कधी जात नाही,
एस्पेरांसबाई म्हणते, "ताठ उभे राहा. झाड व्हा."
एकतीस वर्षं बांबोळीच्या वॉर्डात काढली तिनं,
आवाज अजून तसाच, सुई टोचायच्या आधीचा:
दुखेल, पण थोडंच.

आम्ही सात जण. माझी चटई घरची,
मिरच्या वाळवायची. कितीही झटकली तरी
पहिल्याच वाकण्याला शिंका.

झाड व्हा.
बाई, मी पाडेली.
चोडणात असा माड नसेल
ज्याच्या कमरेला माझा हात पडला नाही.
दिवसाला चाळीस. पायांत दोरीचा फास, पाठीला कोयता,
आणि वर पोचलं की सगळी मांडवी,
फेरीबोट मुंगळ्याएवढी,
पलीकडं रायबंदर, उन्हात वाळत घातल्यासारखं.

सरळ माड मी एकही बघितला नाही.
कुठंतरी कललेलाच असतो,
पाण्याकडं, नाहीतर शेजाऱ्याच्या उजेडाकडं,
एखाद्या जुन्या वादळाची मोड पोटात घेऊन
परत वर वळलेला.
हे मी बाईला सांगितलं. ती थांबली.
माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला.
"मग तसा कल," म्हणाली. "पण पडू नको."

सगळे हसले. मीसुद्धा.
मग कुणीच हसेना.

गावाला मी सांगितलंय, दोरी तुटली.
दोरी घरात आहे. खुंटीला. शाबूत.
त्या दिवशी मी वर बसून भाटकाराचे नारळ मोजत होतो,
त्याचे इतके, माझे दोन,
त्याचे इतके, माझे दोन,
श्वास कुठं होता कोण जाणे,
पाय तर नव्हतेच.

बाकीची आसनं येतात. गुडघा कुरकुरतो,
कमरेतली स्टीलची पट्टी पहाटे वेगळी कळते, तरी येतात.
येत नाही ते शवासन.
डोळे मिटले की झावळ्या,
त्यांच्यामधून आभाळाची एक चिंधी,
आणि एकच नारळ, देठाला अजून, हलत.
असाच पडलो होतो. तळवे वर, पाय सुटे,
अगदी बरोबर. कुणी शिकवलं नव्हतं.

शेजारी रोहिदास घोरायला लागतो.
माझ्या मानेखाली घाम.
बाई येते, बोलत काही नाही,
नुसते घोटे धरते.
फासाचे घट्टे आहेत तिथं, बोटभर जाड.
ते तिच्या हातांना कळतात.

चौथ्या महिन्यात बायकोला सांगितलं.
ती तिसऱ्या फोडत बसली होती.
शिंपली परातीत टाकली, दुसरी उचलली.
"ठाऊक आहे," म्हणाली,
"खुंटीला मीच नाही का टांगली?"

त्या रात्री पाठ जमिनीला पहिल्यांदा पूर्ण टेकली.
आसन म्हणून नाही. अशीच.

आता फेरीच्या रांगेत मी पोट सैल सोडून उभा राहतो.
मोटरसायकली मागून हॉर्न मारतात, मारू देत,
फेरी काही उडत नाही.
कोयत्याला धार लावताना श्वास बाहेर,
पातं उलटवताना आत.
कोयता आता भाच्याचा. तो चढतो,
मी खाली नारळ गोळा करतो,
कमरेतून नाही, खुब्यातून वाकून, बाईनं दाखवलं तसं.
मोजतो अजून. सवय जात नाही.
कधी श्वास,
कधी नारळ.

वरून पोर ओरडतं, "मामा, सर!"
मी सरतो. दोनच पावलं.
नारळ पडतो ते आधी तळव्यांना कळतं, मग कानांना.
मान मागं टाकतो, जाते तेवढी.
माड हलतोय. पोर हलतंय.
खाली मी उभा,
किंचित डावीकडं.