किंमत विचारून येतो

कॅम्पातल्या त्या दुकानात मी
शनिवारी साडेसहाला जायचो, सायकल आडबाजूला लावून.
हुक्केरी मला बघून मागच्या फळीकडे वळायचा,
फडक्यानं बाटलीची धूळ पुसायचा,
आणि मी उगाच रस्त्याकडे तोंड करून
आपण बस बघतोय असं दाखवायचो.
कॉलेजच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं ब्युरेट धुतलेला माणूस मी.
लाल रंग काचेतून कसा उतरतो
हे मला कुणी शिकवायला नको.

पहिली सोडली ती पोर्तुगालची.
ती तशी आमची नव्हतीच,
पास्कोलच्या मेहुण्यानं ओळख करून दिलेली
लांबची पाहुणी, नाताळाला एकदा यायची.
तिचा भाव पेन्शनच्या दहाव्या हिश्शाला टेकला
तेव्हा मी काही बोललो नाही.
शेवटच्या बाटलीचं बूच सदऱ्याच्या खिशात राहिलं,
धुण्याच्या बादलीत गेलं,
तरंगलं.

नाशकाची मात्र जड गेली.
तिला मिऱ्यासारखी एक कडा होती,
दुसऱ्या घोटाला कळणारी.
इंदुमती म्हणायची, मी नुसता वास घेते,
आणि स्टीलचा पेला हळूच पुढं सरकवायची.
बोटभर.
त्या बोटभरात ती निपाणीला जायची,
वडलांच्या तंबाखूच्या वखारीत,
जी तिला आठवड्याचे बाकी सहा दिवस आठवत नसे.
साडेचारशे. पाचशे दहा. सहाशे पंच्याऐंशी.
हुक्केरी दर खेपेला आपलाच गुन्हा असल्यासारखा,
"मत्त ज्यास्ती आगेदरी, सर."
मी म्हणायचो, असू दे, पुढच्या शनिवारी बघू.
पुढचा शनिवार हा फार सभ्य शब्द आहे.

पास्कोल म्हणाला, चोर्ल्यातनं आणू की,
घाट उतरला की निम्म्यात मिळते.
गेलो. त्याच्या स्कूटरवरनं,
दोघांचे मिळून एकशे एकोणचाळीस वर्षांचे गुडघे घेऊन.
परतताना कणकुंबीच्या नाक्यावर एक पोरगेलासा शिपाई
डिकीत हात घालून म्हणाला,
"आजोबा, काय करूलात हे?"
मराठीतनं म्हणाला, म्हणून जास्त लागलं.
द्राक्ष एकच. इथं एक भाव, घाटाखाली दुसरा,
शिनोळीपलीकडं तिसराच.
पावती कन्नडात, लेबल इंग्रजीत,
तहान तेवढी घरच्या बोलीत.

मग जांभळांची करून बघितली.
जांबोटीच्या बाजारातनं चार किलो, साखर, लोणच्याची बरणी.
जुन्या प्रयोगवहीत तारखा घातल्या, तापमान लिहिलं,
निरीक्षण : बुडबुडे समाधानकारक.
अकराव्या रात्री झाकण उडालं,
समोरच्या कित्तूरांच्या घरात दिवा लागला,
आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर उमटला
एक जांभळा नकाशा,
कुठल्याच राज्याचा नसलेला.
तळाला उरलं त्याचं व्हिनेगर झालं.
पास्कोलच्या बायकोनं त्यात बांगडे मुरवले.
आम्ही चौघं जेवलो, वाईनचं नाव कुणी काढलं नाही.
बांगडा, खरं सांगतो, फार बरा झाला होता.

आताही शनिवारी साडेसहाला जातो.
हुक्केरी फळीकडे वळत नाही,
चहा सांगतो.
मी किंमत तेवढी विचारतो,
दवाखान्यात कुणाला बघायला गेल्यावर
नर्सला विचारावं तशी.
नऊशे चाळीस.
म्हणजे तब्येत बरी आहे.

गेल्या खेपेला घरी आलो
तर टेबलावर दोन पेले, धुतलेले, रिकामे,
आणि इंदुमती खुर्ची ओढून बसलेली.
हे काय, म्हटलं.
"काय नाही. शनिवार आहे."
आणि वखारीतल्या मुकादमाची ती गोष्ट,
सहाशे पंच्याऐंशीला अर्धी राहिलेली,
तिनं तिथूनच पुढं सुरू केली.