एका ओळीची बाई

बावीस वर्षं गेंटच्या दफ्तरखान्यात
खिडकीजवळची खुर्ची खोदेलीव्ह बाईंची.
मी रुमाल सोडून पुढ्यात ठेवायचो,
त्या पेन्सिलीनं उतरवून घ्यायच्या
चौदाव्या शतकातला लोकरीचा भाव,
रंगाऱ्याच्या पिंपाचा भाडेकरार,
साथीत किती गेले, किती पळाले.

नऊ कादंबऱ्या झाल्या. नऊही उशीएवढ्या जाड.
लोक नाताळात भेट द्यायला घ्यायचे.
वाचणारे वेगळे,
आणि थोडे.

मग प्रकाशक म्हणाला, झगे पुरे आता.
पहिल्या पाच पानांत एक प्रेत द्या.
हे त्यांनी मला कॅन्टीनमध्ये सांगितलं,
साखरेचा खडा बशीत चुरत.
हसल्या. हसता हसता थांबल्या.
"योरिस, माझ्या पुस्तकांत हजारोंनी मेलेत.
एकाचीही चौकशी झाली नाही."

पुढे दोन वर्षं खुर्ची रिकामी.
कानावर यायचं: बाई पोलीस चौकीत बसतात,
शवागारातल्या डॉक्टरला विचारतात
थंड पाण्यात बुडालेला माणूस
कितव्या दिवशी वर येतो.
पुस्तक आलं. ट्रॅममध्ये समोरच्या बाकावर
तिघांच्या हातात मी ते पाहिलं.
मीही वाचलं, एका रात्रीत,
आणि खरं सांगतो, मला नाही आवडलं.
त्यातला पूल कुठल्याही गावचा होता.
त्यातला इन्स्पेक्टर पोट धरून कण्हायचा
आणि घटस्फोटावर विचार करायचा.
हे मी त्यांना कळवलं नाही.
कळवणारा मी कोण?

फेब्रुवारीत त्या आल्या.
छत्रीचं पाणी फरशीवर, मी काही बोललो नाही.
मागणीच्या चिठ्ठीवर एक रकाना असतो: कारण.
तिथे त्या नेहमी लिहायच्या 'कादंबरी'.
या वेळी लिहिलं 'तपास'.

बेलिफचा जमाखर्च, सन तेराशे एकोणपन्नास.
पान मला पाठ होतं.
*लीव्ह कालव्यातून बाई काढली. चार गडी. चार ग्रोट.*
बस, एवढंच. नाव नाही.
तिसऱ्या कादंबरीत त्यांनी तिला वापरली होती:
नायक पुलावरून घोडा नेतो, खाली ती तरंगते,
तो डोळे पुसतो
आणि पुढच्या प्रकरणात त्याचं लग्न लागतं.

तीन दिवस त्या त्या ओळीपाशी बसून होत्या.
तिसऱ्या दिवशी मला खुणेनं बोलावलं.
"एक बाई उचलायला चार गडी कशाला?"
घागरे भिजले असतील, मी म्हणालो.
"दोघे पुरले असते. घागऱ्यांसकट."
मग स्वतःशीच: "जड होती. कशानं जड?"

तीस वर्षं ते पान मी काढतोय, ठेवतोय,
वाळवी लागू नये म्हणून जपतोय,
विद्यार्थ्यांना दाखवतो, बघा काय वळणदार अक्षर.
गडी मोजावेत हे मला कधी सुचलं नाही.

त्यांचं बोट समासाकडे सरकलं.
तिथे दोन तारखा, मुंगीच्या पायांएवढ्या.
प्रेत सापडलं मंगळवारी.
मजुरी चुकती केली सोमवारी.

कुठूनतरी हीटरचा टकटक आवाज येत होता.

कारकुनाची चूक असेल, मी म्हणालो.
साथीचे दिवस, माणसं पटापट मरत होती,
कुणाला वारांचं भान असणार?
मीही कारकूनच. माझ्याही तारखा चुकतात.

"असेल," बाई म्हणाल्या,
आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
बावीस वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं.
संशयिताकडे बघतात तसं.

त्या रात्री घरी जाऊन मी
माझ्या जुन्या नोंदवह्या काढल्या.