सपाट वाट

तिसऱ्या दिवशी, फ्रोमिस्ताच्या अलीकडे,
एउतिमिओचं मागचं चाक बसलं.

हा कास्तीयाचा कालवा. एके काळी
याच काठानं खेचरं दोर ओढत जायची,
मागे गव्हानं भरलेली नाव, आणि शिव्या.
पुलाच्या दगडाला दोर घासून घासून
खाचा पडल्यात; माझी करंगळी
त्यांत पेरभर जाते.

आता वाहतूक म्हणजे आम्ही दोघं:
एकसष्ट वर्षांची बहीण, अडुसष्टचा भाऊ
आणि शेत विकल्यापासूनची नऊ वर्षं.
चढ कुठेच नाही,
त्यामुळे धाप लागली म्हणून गप्प आहोत
असंही म्हणता येत नाही.

काल खानावळीतल्या नातिविदादनं विचारलं,
"नवरा-बायको का?"
"छे!" आम्ही एकदम म्हणालो.
नऊ वर्षांतलं पहिलं एकमत.

त्यानं सायकल उलटी केली,
ट्यूब काढून कालव्यात बुडवली.
"बेनिल्दे, इथे धर."
हिरव्या पाण्यातून बारीक बुडबुडे
एकामागून एक वर येत होते.
मी बोट ठेवलं. थांबले.
मग खरवडणं, सोल्युशन, फुंकर,
आणि ठिगळ दाबताना तोच चावलेला ओठ,
वडिलांचा.

पुढे पाणी चार दरवाजांनी खाली उतरतं,
दर दरवाजाशी थांबून, थोडं थोडं.
इथपर्यंत त्याचा आवाज येत होता.

पंप मारता मारता, चाकाकडे बघतच
तो म्हणाला,
"विकायला नको होतं."

मी अंगठ्यानं टायर दाबून पाहिला.
"अजून थोडी," म्हणाले.