शेरा

पान सेहेचाळीस, परिशिष्ट तीन:
‘वाळलेली झाडे तीनशे बारा. तोडण्यास हरकत नाही.’
पाहणीची तारीख एकोणीस मे.

मेमध्ये ग्वाल्हेरात कोण जिवंत दिसतं?
मी स्वतः त्या महिन्यात
ओला पंचा तोंडावर घेऊन पडलेली असते.

टेकडीवर गेले. पुढे रामहेत,
बंद खाणीचा चौकीदार.
अहवालात उतार बारा अंश;
माझी चप्पल दोनदा निसटली.

त्यानं नखानं साल खरवडली.
आत हिरवं,
काकडीच्या सालीसारखं.
‘करधई आहे, बाई. हिला पाणी लागत नाही,
पाण्याची बातमी लागते.
हवा जराशी दमटली की पालवते.’

एकशे चाळीस बंगले. नाव ‘हरित शिखर’.
सांडपाणी: नैसर्गिक उताराने.
उताराच्या टोकाला रामहेतच्या वस्तीची बावडी,
ती नकाशात नाही.

शेऱ्याला जागा चार ओळींची.
लिहिलं: झाडे पुन्हा मोजावीत,
हवा दमट असताना.
आपटेसाहेब विचारणार, हे कुठल्या नियमात बसतं?

सालीचा तुकडा पाकिटात घालून
फाइलला टाचला, पुरावा म्हणून.

त्यांच्या टेबलावर पोचेपर्यंत
वाळेल तोही.